पन्हाळ्याची डोंगररांग : वास्तू आणि पायवाटा

कोल्हापूरच्या वायव्येला सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून एक फाटा सुटतो आणि पूर्वेकडे उतरत येतो. त्याच्या दक्षिण उताराचे पाणी कासारीला मिळते, उत्तर उताराचे कडवी आणि वारणेला. फाट्याच्या पश्चिम टोकाशी, कोकणच्या कड्यावर, विशाळगड आहे. पूर्वेच्या टोकाला वाडी रत्नागिरी, म्हणजे जोतिबाचा डोंगर आहे. या दोन टोकांच्या मध्ये पावनखिंड, मसाई पठार, पांडवदऱ्याची लेणी, पन्हाळा आणि पावनगड येतात. यातल्या बहुतेक ठिकाणी आज गाडीने जाता येते, आणि सहलीला येणारी माणसे ती एकेक करून पाहून परततात. पण ही ठिकाणे ज्यांनी निवडली आणि बांधली, ती माणसे चालणारी होती. गड कुठे बांधायचा, पाणी कुठे राखायचे, देऊळ कोणत्या माथ्यावर असावे, हे वाटांनी ठरवले. त्यामुळे येथील वास्तू आणि पायवाटा यांची ओळख एकत्रच करून घ्यावी लागते.

सगळा दख्खन ज्या काळ्या खडकाचा बनला, त्याच बेसाल्टची ही रांग आहे. तिच्या माथ्यावर मात्र जांभ्याचा थर आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यात मुरते आणि खालच्या कठीण खडकाशी अडून कड्याच्या पोटात झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. माथा सपाट, कडेला सरळ तुटलेले कडे आणि कड्याखाली पाणी, हा या डोंगरांचा ठरलेला साचा आहे. किल्ला बांधणाऱ्याला हेच हवे असते. पन्हाळ्याच्या तटाचा घेर ७ किलोमीटरांहून अधिक आहे, पण त्याच्या जवळजवळ निम्म्या लांबीत ३० ते ५० फूट उंचीचा नैसर्गिक कडाच तटाचे काम करतो. त्यावर फक्त जंग्या असलेली कठड्याची भिंत चढवलेली आहे. तटाच्या कडेने चालताना माणसाचे काम कुठे थांबते आणि डोंगराचे कुठे सुरू होते, हे दर शंभर पावलांवर दिसते.

पन्हाळ्याचा लेखी इतिहास शिलाहारांपासून सुरू होतो. कोल्हापूरच्या शिलाहारांपैकी दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस हा किल्ला बांधला किंवा वाढवला. ११९१-९२ च्या सुमारास त्याचा दरबार येथे भरत असल्याचे ताम्रपटावरून कळते. पुढे १२०९-१० च्या सुमारास देवगिरीच्या यादवांपैकी सिंघणाने भोजाचा पाडाव केला. बहमनी काळात कोकणच्या मोहिमेवर असलेल्या महमूद गवानाने १४६९ चा पावसाळा या परिसरात काढला. बहमनी राज्य फुटल्यावर पन्हाळा विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला. आज जो तट, दरवाजे आणि कोठारे दिसतात, त्यांचा मोठा भाग आदिलशाही काळातला आहे.

अफजलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबर १६५९ रोजी, शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. मार्च १६६० पासून आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला. राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांनी तोफा आणून वेढ्याला मदत केली, आणि पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरवर धाड घालून त्याचा जाब विचारला. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले. त्यानंतर गड आदिलशहाच्या स्वाधीन करावा लागला. ६ मार्च १६७३ रोजी कोंडाजी फर्जंदाने मोजक्या ६० माणसांनिशी रात्री कडा चढून तो परत मिळवला. जयराम पिंड्ये या समकालीन कवीने याच विजयावर ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे संस्कृत काव्य रचले. एप्रिल १६८० मध्ये महाराजांचे निधन झाले, तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावरच होते.

त्यानंतरच्या वीस वर्षांत गड मराठे आणि मोगल यांच्यात अनेकदा हातपालट झाला. १७०१ मध्ये औरंगजेब स्वतः येथे छावणी टाकून होता. इंग्लंडच्या राजाचा वकील सर विल्यम नॉरिस याची आणि बादशहाची भेट त्याच वर्षी एप्रिलमध्ये पन्हाळ्याच्या छावणीत झाली. काही महिन्यांतच रामचंद्रपंत अमात्यांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी गड परत घेतला. महाराणी ताराबाईंनी आपला कारभार येथून चालवला. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांमधली सीमा वारणा नदी ठरली, आणि या डोंगररांगेची उत्तर बाजू राज्याच्या सरहद्दीवर आली. १७८२ मध्ये राजधानी कोल्हापूरला हलेपर्यंत पन्हाळा हेच करवीर राज्याचे मुख्य ठाणे होते.

शेवटची लढाई १८४४ ची. राजा अल्पवयीन असताना इंग्रजांच्या पाठबळाने चाललेल्या कारभाराने गडकऱ्यांच्या वंशपरंपरागत हक्कांना हात घातला आणि गडांवर बंड उठले. बंडवाल्यांनी साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हन्स याला पकडून पन्हाळ्यावर कैदेत ठेवले. १ डिसेंबर १८४४ रोजी इंग्रजी फौजेने तट फोडून गड घेतला. पूर्वेकडचा चार दरवाजा याच वेळी पाडला गेला. कोल्हापूरहून येणारी मोटार आज ज्या बाजूने गडात शिरते, तिथे या दरवाजाचे थोडेच अवशेष उरले आहेत. म्हणजे आजचा पर्यटक किल्ल्याच्या सर्वांत मोडलेल्या बाजूने आत येतो, आणि धडधाकट बाजू पाहण्यासाठी त्याला माथा ओलांडून पश्चिमेला जावे लागते.

पश्चिमेला तीन दरवाजा आहे. एकामागे एक दरवाजे, मधला चौक, पहारेकऱ्यांच्या देवड्या आणि कमानींवरचे बारीक कोरीव काम असलेली ही वास्तू आदिलशाही लष्करी बांधणीचा उत्तम नमुना मानली जाते. तिच्या जवळच अंधारबाव आहे. वरून ती तीन मजली इमारत दिसते, पण तिच्या तळाशी विहीर आहे आणि मधल्या मजल्यावरून तटाबाहेर पाहण्याची सोय आहे. वेढा पडला की शत्रू पाणी तोडतो किंवा नासवतो. म्हणून पाण्यावरच पहारा बसवलेली ही इमारत उभी केली. तीन दरवाजा आणि अंधारबाव यांमधले अंतर काही पावलांचे आहे. आत येण्याची वाट आणि पिण्याचे पाणी, या गडाच्या दोन नाजूक जागा, एकाच तुकडीला राखता याव्यात अशी ही मांडणी आहे.

गडाच्या मधोमध, एके काळी खंदकाने वेढलेल्या बालेकिल्ल्यात, अंबरखाना आहे. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी त्यातल्या तीन कोठारांची नावे. सर्वांत मोठ्या गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावत असे. कोठीच्या दोन्ही अंगांना छतावर जाणारे जिने आहेत. आतल्या १६ खणांवर स्वतंत्र घुमट असून प्रत्येक घुमटाला वर भोक ठेवलेले आहे. धान्य छतावर चढवायचे आणि भोकातून आत ओतायचे, अशी रीत होती. भिंती इतक्या जाड आहेत की भर उन्हाळ्यातही आत गारवा असतो. जवळची धर्मकोठी गरजूंना धान्य देण्यासाठी वापरली जाई. वरी, नाचणी आणि भात ही कोठारांतली मुख्य धान्ये होती, आणि आजही या रांगेच्या उतारांवर तीच पिके दिसतात.

पूर्व कड्यावरची सज्जा कोठी एकमजली आणि देखणी आहे. तिच्या सज्जातून जोतिबाचा डोंगर आणि खालचे खोरे नजरेच्या टप्प्यात येते. संभाजीराजांचा मुक्काम येथे होता, असे परंपरेने सांगितले जाते. याशिवाय उत्तरेचा वाघ दरवाजा, पश्चिमेचा पुसाटी बुरूज, सोमेश्वराचे देऊळ आणि तळे, महालक्ष्मी मंदिर, पराशर ऋषींच्या नावाने ओळखली जाणारी लेणी आणि ताराबाईंचा वाडा ही गडावरची मुख्य ठिकाणे. पंडितकवी मोरोपंत यांचा जन्म १७२९ मध्ये पन्हाळ्यावर झाला. तटाला धरून पूर्ण फेरी मारायला, थांबत थांबत, दिवसाचा मोठा भाग लागतो. या फेरीत पर्यटकांची गर्दी पाच-सहा ठिकाणीच भेटते. बाकीचा तट गुराख्यांचा आणि माकडांचा असतो.

पन्हाळा हे नांदते गाव आहे. सुमारे तीन हजार वस्तीचे हे गाव नगरपरिषद असलेल्या राज्यातल्या सर्वांत लहान गावांपैकी एक. गडाच्या आत शाळा, बाजार, सरकारी कचेऱ्या आणि हॉटेले आहेत. झुणका-भाकरीच्या टपऱ्या तर दर वळणावर. भालजी पेंढारकरांच्या काळापासून कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीने या तटांचा आणि दरवाजांचा भरपूर उपयोग केला, त्यामुळे गड प्रत्यक्ष न पाहिलेल्यांनाही त्याचे काही कोपरे ओळखीचे वाटतात.

पन्हाळ्याच्या पूर्वेला, मध्ये एक खिंड सोडून, पावनगड आहे. या डोंगरावर शत्रूने तोफा चढवल्या तर पन्हाळा माऱ्यात येतो. १६६० च्या वेढ्याचा हा धडा होता, आणि महाराजांनी नंतर हा डोंगरही तटबंद केला. पन्हाळ्याहून पावनगडापर्यंतची वाट छोटी आणि झाडीची आहे. येथे वर्दळ कमी असल्याने पक्षी जास्त दिसतात. सकाळी लवकर गेल्यास गव्याच्या खुणाही भेटतात, त्यामुळे एकट्याने जाणे टाळावे.

पावनगडाच्या पलीकडे, गिरोली आणि दाणेवाडीच्या अंगाने, जोतिबाची वाट आहे. वाडी रत्नागिरीवरचे मुख्य मंदिर राणोजी शिंदे यांनी १७३० मध्ये बांधले. शेजारचे केदारेश्वराचे देऊळ दौलतराव शिंदे यांनी १८०८ मध्ये उभारले. चोपडाईचे देऊळ प्रीतिराव हिंमतबहादूर चव्हाण यांचे, १७५० चे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे हे कुलदैवत असल्याने उत्तरेतल्या मोहिमांचा पैसा काळ्या दगडांच्या रूपाने या माथ्यावर आला. रत्नासुराचा वध करून केदारनाथ येथे राहिले, अशी क्षेत्रकथा आहे. चैत्र पौर्णिमेला येथे लाखोंची यात्रा भरते. उंच बांबूंच्या सासनकाठ्या नाचवत गावोगावचे लोक येतात. त्यात सातारा जिल्ह्यातील निनाम पाडळीच्या काठीला पहिला मान असतो, पाटणजवळच्या विहे गावाला दुसरा. गुलालाने देवळे, पायऱ्या आणि माणसे एकाच रंगाची होतात, आणि ‘चांगभलं’चा गजर खालच्या गावांत ऐकू येतो.

चालण्याच्या दृष्टीने यात्रेपेक्षा खेटे महत्त्वाचे. माघ महिन्यातल्या रविवारी कोल्हापूर आणि आसपासची माणसे पहाटे घरातून निघतात आणि पंचगंगा ओलांडून वडणगे, निगवे, कुशिरे या गावांवरून पायी जोतिबाला येतात. असे पाच रविवार केले की पाच खेटे पूर्ण होतात. बरेच जण ही वाट अनवाणी करतात. शेवटचा टप्पा गायमुखाकडच्या चढाचा. या पायवाटा शेतांच्या बांधांवरून जातात. त्या कोणत्याही खात्याने आखलेल्या नाहीत, पण दरवर्षी हजारो पावले पडत असल्याने त्या मोडत नाहीत. याच डोंगराच्या अंगाला पोहाळे गावाजवळ खडकात खोदलेली प्राचीन बौद्ध लेणी आहेत. खांबांचा मंडप, भोवतीच्या कोठड्या आणि शेजारचे छोटे चैत्यगृह असा त्यांचा विस्तार आहे. देवळे येण्याच्या कितीतरी आधीपासून या डोंगरावरून वाटसरूंची ये-जा होती, याची ती खूण.

पन्हाळ्याच्या पश्चिमेला मसाई पठार लागते. तुरुकवाडी आणि म्हाळुंग्यावरून चढले की जांभ्याची विस्तीर्ण सपाटी सुरू होते. एकापुढे एक अशा अनेक टप्प्यांत ती कित्येक किलोमीटर पसरलेली आहे. वाटेत मसाई देवीचे छोटे देऊळ आहे. कड्याच्या पोटात पांडवदऱ्याची लेणी आहेत, त्यांचा संबंध लोकपरंपरा पांडवांशी जोडते. पठारावर माती बोटभर, म्हणून मोठी झाडे नाहीत. पावसाळा संपत आला की याच बोटभर मातीत फुलांचा हंगाम येतो. पांढऱ्या गेंदाची फुले, सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे पट्टे, पिवळी सोनकी आणि कवला, ओढ्याकाठी तेरडा, ओलसर जागी कीटक पकडणारी दवबिंदू. जांभ्याच्या मातीत अन्नांश कमी असतो, म्हणून येथे कीटकभक्षी वनस्पती टिकतात. साताऱ्याच्या कास पठाराची ही धाकटी बहीण आहे, पण अजून तिला कुंपण नाही. पठाराचा काही भाग अलीकडे संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. फुलांवरून गाडी घालणे ही येथील सर्वांत मोठी हानी, कारण चाकाने उखडलेली बोटभर माती परत साचायला पिढ्या जातात.

मसाई पठारावरून पुढे जाणारी वाट या परिसरातील सर्वांत प्रसिद्ध पायवाट आहे. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज सुमारे ६०० निवडक मावळ्यांसह पन्हाळ्याच्या राजदिंडीतून उतरले, ते याच दिशेने. शत्रूला फसवण्यासाठी महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीत बसलेला शिवा काशीद पकडला गेला आणि मारला गेला. त्याची समाधी पायथ्याच्या नेबापूर येथे आहे. पाठलाग जवळ आल्यावर बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांच्या तुकडीने घोडखिंड अडवली. महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंत त्यांनी ती सोडली नाही, आणि बहुतेक जण तिथेच पडले. ती खिंड पुढे पावनखिंड झाली. विशाळगडाच्या पायथ्यालाही सूर्यराव सुर्वे आणि पालवणीचे दळवी यांचा वेढा होता. तो फोडूनच महाराजांना गडावर जाता आले.

आजची वाट म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, रिंगेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी, म्हसवडे, पांढरपाणी अशा वाड्यांवरून पावनखिंडीत उतरते. पन्हाळ्यापासून खिंडीपर्यंत साधारण ५० किलोमीटर आणि विशाळगडापर्यंत ६० किलोमीटरांहून थोडे अधिक चालावे लागते. दरवर्षी जुलैमध्ये कोल्हापूर, सांगली आणि पुण्याकडून शेकडो जणांचे जथे ती दोन दिवसांत करतात आणि वाटेत एखाद्या वाडीत मुक्काम करतात. त्या दिवसांत भाताची रोपलावण चालू असते. वाट बांधावरून कमी आणि चिखलातून जास्त जाते. ओढ्यांना कमरेइतके पाणी असते, रानात जळवा असतात आणि धुक्यात दहा हातांवरचे दिसत नाही. नकाशावर तीन तासांचे वाटणारे अंतर पावसात सहा तास खाते. हे चालून पाहिल्यावर १६६० ची रात्र निव्वळ शौर्यकथा राहत नाही. अंतर, चिखल, अंधार आणि दमसास यांचा हिशेब करून आखलेली ती मोहीम होती, हे पायांना कळते. खिंडीजवळचा झरा कासारीच्या उगमांपैकी एक आहे. हेच पाणी पुढे कुंभी, तुळशी आणि भोगावतीबरोबर प्रयाग चिखलीच्या संगमात पंचगंगा होऊन कोल्हापूरला पोहोचते.

विशाळगड, जुना खेळणा, हा आंबा आणि अणुस्कुरा या दोन घाटांच्या मधला गड. कोकणातली बंदरे आणि घाटावरच्या बाजारपेठा यांच्यातली वाहतूक राखण्यासाठी ही जागा मोक्याची होती. बाजीप्रभू आणि त्यांचे बंधू फुलाजीप्रभू यांच्या समाध्या येथे आहेत, तसेच मलिक रेहानचा दर्गा. पुढे हा गड प्रतिनिधींच्या जहागिरीचे ठाणे होता. १८४४ च्या बंडानंतर तो मोडला गेला आणि जहागिरीचा कारभार खाली मलकापूरला गेला.

युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, खेड्यांना जोडणाऱ्या लांब पायवाटा १९४७ पासून पांढऱ्या-लाल पट्ट्यांनी आखल्या गेल्या आणि स्वयंसेवकांनी त्या राखल्या. तेथे जुने चर्च, पूल आणि किल्ला गाठायला नकाशा आणि पट्टे पुरतात. पन्हाळ्याच्या रांगेत अशी सलग आखणी नाही. येथे धनगरवाड्यातला माणूस, गुराखी किंवा शेतातली बाई हाच खरा दिशादर्शक. त्यामुळे वाटेवरच्या वाड्यांशी नीट वागणे हा येथील चालण्याचाच भाग ठरतो. उभ्या पिकातून जाऊ नये, कवाड उघडले तर परत लावावे, जेवण आधी सांगून ठेवावे आणि त्याचे पैसे द्यावेत.

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यात कोल्हापूर जिल्ह्यातला पन्हाळा आहे. वस्ती असलेल्या गडाला हा मान मिळाल्याने बांधकामाचे नियम, व्यवसाय आणि राहत्या घरांची दुरुस्ती यांविषयी रहिवाशांच्या मनात प्रश्न आहेत. जतनाचे दुसरे आव्हान पावसाचे आहे. २०२१ च्या अतिवृष्टीत गडावर येणारा मुख्य रस्ताच खचला आणि मोटारींची ये-जा थांबली. बुरुजांचे दगडही दर पावसाळ्यात निखळतात. यादीतल्या नोंदीत गडाबरोबर भूप्रदेश हा शब्द आहे, आणि पावनगडाची खिंड, मसाईचे पठार, पावनखिंडीची वाट यांच्यावाचून पन्हाळ्याचा भूप्रदेश पूर्ण होत नाही. जतन तटापुरते राहिले, तर अर्धाच वारसा राखला जाईल.

प्रथमच येणाऱ्याने हा परिसर सोप्याकडून अवघडाकडे पाहावा. पहिला दिवस पन्हाळ्याच्या तटफेरीचा आणि पावनगडाचा. दुसरा पोहाळे लेणी आणि जोतिबाचा. माघातला रविवार साधला तर खेट्याच्या वाटेने. तिसरा मसाई पठार आणि पांडवदऱ्याचा, शक्यतो सप्टेंबर-ऑक्टोबरात. पावनखिंडीची लांब वाट नवख्याने नोव्हेंबर ते जानेवारीत करावी. तेव्हा ओढे उतरलेले असतात, गवत वाळलेले असते आणि वाट दिसते. जुलैची वाट तिला सरावलेल्यांसाठी, आणि तीही स्थानिक वाटाड्या सोबत घेऊनच.